लूसाचा निळा डोळा

गुरांचा डॉक्टर म्हणून स्वीडनमधल्या येम्तलांडच्या या जंगलपट्टीत माझी बत्तीस वर्षं गेली. लोक मला मानतात, कारण माझी पहिल्या वर्षाची फजिती पाहिलेली माणसं आता फारशी उरलेली नाहीत.

ती फजिती सर्वांत आधी पाहिली सिग्नेबाईंनी. या विधवा बाई मूसच्या, म्हणजे इकडच्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीसाठी कुत्री पाळत. मूस पडला की पहिला गरम तुकडा कुत्र्याचा, अशी इकडची रीत. एके दिवशी त्यांच्या लूसा कुत्रीने त्या तुकड्यापासून तोंड फिरवलं, म्हणून बाईंनी मला बोलावलं.

ताप होता. पोट दाबताच लूसा कळवळली.

"मूसची आतडी खाल्ली असतील अधाशासारखी. दोन दिवस उपाशी ठेवा," मी ऐटीत म्हणालो.

"डॉक्टर, जिने पहिला तुकडा नाकारला ती अधाशी कशी हो?"

मी ऐकलं न ऐकलंसं करून इंजेक्शन दिलं. टोचल्या जागेतून रक्त येऊ लागलं ते थांबेचना. अर्धा तास मी कापूस दाबून बसलो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सुजलेला घसा, हिरड्यांवरचे लाल ठिपके, दुखरं यकृत, न गोठणारं रक्त: कोल्ह्यांकडून येणारी विषाणूची कावीळ! परीक्षेत याच प्रश्नाला मला सर्वांत जास्त गुण होते. पण पुराणातली वांगी पुराणातच राहिली होती.

बाकीची कुत्री वेगळी बांधली, लूसाला सलाईन लावलं. नवव्या दिवशी ताप उतरला, पण तिचा एक डोळा दुधाळ निळा झाला होता.

"नजर गेली, बाई. दुसराही जाईल. आंधळी कुत्री जंगलात काय करणार? गोळी घाला."

इकडे ज्याचं कुत्रं त्यानेच गोळी घालायची असते. बाईंनी भिंतीवरची बंदूक काढली. लूसाने शेपटी हलवली.

बाईंनी बंदूक परत टांगली. "दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात माझी चार कुत्री अशीच आजारी पडली. दोघांचे डोळे निळे झाले. जगली ती तेवढीच दोन. तुम्ही चहा घ्या आणि गप्प बसा."

तीन आठवड्यांत डोळा काचेसारखा स्वच्छ झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शरदात लूसाने भुंकून मूस अडवून धरला आणि बाईंनी तो पाडला. बाईंनी पहिला तुकडा तिला दिला, दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"खा डॉक्टर. अधाशासारखं नका खाऊ."

लूसा दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत शेपटी हलवत होती. मी तो तुकडा तिलाच दिला.