काट्यावर गोठलेली खिडकी

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे मी अजूनही छाती फुगवून सांगतो. जावा, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, मात्र कॉलेजात शिकलो नाही. परिषदांमधली भाषणं मोबाईलवर बघून शिकलो. डेस्कटॉपवर खिडकी कशी उघडायची, बटण कुठं ठेवायचं. स्टेजवरचा माणूस लिहील तसं लिहायचो, बडबड वाटली की व्हिडिओ पुढं ढकलायचो.

त्यातल्याच एका भाषणावरून उरण रोडवरच्या एका गोदामाच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम केला. ट्रक काट्यावर चढला की बटण दाबायचं, वजन स्क्रीनवर. बटण दाबायला माझे चुलते, तात्या. मार्केटात पोती वाहून पाठ गेलेली, म्हणून मीच शब्द टाकून त्यांना त्या खुर्चीवर बसवलं होतं.

एका दुपारी मशीन अडकतंय म्हणून तात्यांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा खिडकी गोठलेली, बाहेर ट्रकांची रांग, आणि दोन ड्रायव्हर आत घुसलेले.

"ए म्हाताऱ्या, गाडी खोटी करतोस काय? वजन दे!"

"मशीन थांबलंय, दादा. माझ्या हातात काय न्हाई."

"मगाशी शेठच्या गाडीला बरं चाललं!"

तात्यांनी परत बटण दाबलं. परत दाबलं. एकानं मानगूट धरून त्यांचं कपाळ टेबलावर आपटलं. दुसऱ्याच्या हातात टॉमी होती, चाक खोलायची सळई. पहिला घाव मॉनिटरवर, दुसरा तात्यांनी डोक्यावर धरलेल्या डाव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. मधे पडलो तर तोंडावर बुक्की बसली, दात ओठात घुसला. फरशीवर काचा आणि तात्यांचं रक्त.

मालकानं कामावरून काढलं ते तात्यांनाच. म्हातारा मुद्दाम गाड्या अडवतो, असं काट्यावर ठरून गेलं. हाताचं प्लास्टर ओलं असताना त्यांनी मला विचारलं, "बटन म्या जास्ती दाबलं का रं?"

"मशीन जुनं होतं," मी म्हणालो.

घरी येऊन ते भाषण पुन्हा लावलं, न ढकलता. मी वगळलेल्या मिनिटात तो माणूस सांगत होता, हे फक्त दाखवण्यापुरतं आहे. खिडकी चालवणाऱ्या थ्रेडला, प्रोग्रॅमच्या त्या धाग्याला, कधी वाट बघायला लावू नका, खिडकी गोठेल. त्याच्या स्टेजवर आकडा लगेच आला होता. आमच्या काट्याची वायर घासलेली, आकडा यायला मिनिट लागायचं, तोवर खिडकी गोठलेली.

दीड वर्षानं ऐरोलीच्या परिषदेत मलाच बोलायला बोलावलं. तात्यांना पहिल्या रांगेत बसवलं. तोच जुना प्रोग्रॅम लावला, वजन मुद्दाम उशिरा येईल असं केलं, बटण दाबलं आणि गप्प उभा राहिलो. खिडकी गोठली. चुळबूळ सुरू झाली. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे मार त्याला, रिस्टार्ट मार!" सगळे हसले. तात्यांचा वाकडा हात आपोआप डोक्यावर गेला.

मग मी सांगून टाकलं. बटण दाबणाऱ्याची चूक नव्हती, माझी होती. टाळ्या पडल्या.

मी पायऱ्या उतरत होतो. तात्या समोर आले आणि चांगल्या हातानं अशी कानाखाली ओढली, की हातातला माइक लांब जाऊन पडला. आयोजक धावले.

"थांबा, घरचे आहेत," मी म्हणालो.

"दीड वरीस गप बसलास? आन् सांगितलंस कुठं, या एसीत? हितं मला कोण लबाड म्हणत हुतं?"

"तात्या…"

"काट्यावर चल. तिथं म्हण."

आम्ही उरणची बस धरली. काट्यावर रांग होतीच. पहिल्या ट्रकच्या दारावर मी थाप मारली. "जरा खाली उतर," म्हटलं, "आणि मागच्यांनाही बोलाव."