एका चाकाचा खड्डा

नोकरीतल्या कितीतरी केसेस डोक्यातून पुसल्या गेल्या, पण देवणीकडच्या शिवारातला तो चिखल आणि त्यात उभी असलेली ती उंच जीप अजून डोळ्यांसमोर आहे. भूकंपाला काही वर्षं झाली होती. लातुरात क्लासेसचा एवढा बोलबाला झाला होता की बाहेरगावच्या पोरांना भाड्याची खोली मिळेना. मी तेव्हा सीमेजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

पावसाळ्याचे दिवस. उजाडता उजाडता एका छोट्या जीपने नाकाबंदीचं बॅरिकेड उडवलं आणि आमच्या होमगार्डचा पाय मोडला. कर्नाटकातून चोरटं स्पिरिट येतंय, अशी खबर होतीच. नंबरप्लेट चिखलाने माखलेली. जीप रस्ता सोडून रानात घुसली आणि नाल्यापलीकडे गेली. पाठलागावरची आमची गाडी पहिल्या बांधालाच बसली आणि मदत येईपर्यंत जीप पसार झाली. ज्या काळ्या रानात पायातली चप्पल राहते, तिथून जीप निघून जाते म्हणजे काय! आमची पार शोभा झाली.

घटनास्थळाचा पंचनामा केला. वाटेत एके ठिकाणी ती जीप रुतली होती. मागच्या डाव्या चाकाने तिथे खोल खड्डा पाडला होता. पावसाने तो बुजू नये म्हणून वर पत्रा टाकून एक शिपाई बसवला.

दहाच्या सुमाराला खबऱ्या आला. "साहेब, असली गाडी या टापूत एकच हाय. उदगीरच्या मिस्त्रीच्या पोरीची. लातूरला क्लासात शिकवती. लई उंच केली हाय गाडी. नाल्याला भीत न्हाई, ओढ्याला भीत न्हाई."

लातूर पोलिसांना कळवलं. त्यांनी बाईंना चालू तासातून उठवलं आणि जीपसकट आमच्याकडे पाठवलं.

महिला शिपायाला बसवून मी चौकशी सुरू केली. बाई तिशीच्या आतल्या, अंगाने किरकोळ, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बारावीला फिजिक्स शिकवायच्या. पहाटे कुठे होतात, विचारलं.

"खोलीवर. एकटीच. झोपलेल्या माणसाला साक्षीदार कुठून आणू?"

"मास्तरकी करता, मग असली गाडी कशाला?"

"भूकंपात आम्ही कॉलेजची पोरं मदतीला गेलो होतो. जखमींना घेऊन निघालेली गाडी चिखलात बसली. आम्ही धक्के मारून राहिलो, ती हालंना. माझ्या मांडीवर एक बाई होती साहेब. ती तिथंच गेली."

पुढे त्यांनी जुनी फोर-व्हील जीप घेतली आणि वडलांच्या गॅरेजमध्ये बापलेकीने ती उलगडली. कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, ॲक्सलच्या खाली होते, ते वर बसवले, म्हणजे गाडी वीतभर उचलली गेली. मग शाफ्ट लांब केला, ब्रेकचे पाइप बदलले. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या बाळंतिणींना दवाखान्यात आणायला या बाई सुट्टीच्या दिवशी यायच्या. आरटीओच्या नियमांत ही कारागिरी कितपत बसते, हा प्रश्न मी त्या दिवशी मुद्दाम काढला नाही.

तेवढ्यात लातूरहून क्लासच्या मालकांचा फोन आला. पालक विचारून राहिलेत, उद्यापासून बॅच दुसऱ्या सरांकडे देतो, म्हणाले. बाईंना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला.

"गाडी ठेवून घ्या हवी तर. माझं नाव तेवढं परत द्या, साहेब."

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यावर कोणाला सोडता येत नाही. डोळे पुसून त्यांनीच विचारलं, "ती जीप कुठं रुतली होती का?"

"हो. चांगला खड्डा आहे."

"एका चाकाचा का दोन्ही?"

"एका."

"मग ती माझी न्हाई!" बाई उभ्याच राहिल्या. "साध्या गाडीत एक चाक घसरलं की सगळा जोर त्याच चाकाला जातो, दुसरं नुसतं उभं राहतं. म्हणून तर भूकंपातली ती गाडी बसली होती! दोन चाकांत जोर वाटणाऱ्या मागच्या डिफरन्सचे गिअर मी वेल्डिंग करून टाकलेत. माझी दोन्ही चाकं बरोबरच फिरतात. चला, दाखवते."

पंचांना घेऊन शिवारात गेलो. खड्ड्याशेजारीच बाईंनी जीप चिखलात घातली आणि मुद्दाम थांबवून रेस दिली. मागे दोन्ही बाजूंना सारखे चर पडले. मग त्यांनी चारही चाकांना जोर दिला आणि जीप डुलत बाहेर आली. पंचांतले एक आजोबा "आगायाय्!" म्हणाले. माझ्याही तोंडून "शाबास" निघून गेलं. अधिकाऱ्याने पंचांसमोर असं बोलू नये, पण निघालं.

पत्रा उचलून पुन्हा पाहिलं. एकच खड्डा, आणि पुढची चाकं नुसती ओढत गेलेली. म्हणजे ती जीप फोर-व्हील नव्हतीच. मग नाला ओलांडला कसा?

मी शेतकऱ्याचा मुलगा. खाली बसलो आणि बैलांच्या खुरांचे ठसे दिसले. रानात खूर असायचेच, म्हणून सकाळी कोणी लक्ष दिलं नव्हतं. पण रानाला वापसा नव्हता. चिखल सुकल्याशिवाय आमच्याकडे कोणी बैल रानात घालत नाही. इथे तर ठसे खोल रुतलेले, थेट नाल्याकडे गेलेले. जीप बैलांनी ओढून काढली होती!

नाल्यापलीकडच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, देवणी बैलांची एक जोडी बांधलेली होती, पोटापर्यंत चिखल वाळलेला. मालकाने काही लपवलं नाही. "गाडी रुतली म्हणाले, दिली ओढून. अडल्या माणसाला न्हाई म्हणावं का?" चालक त्याच्या ओळखीचा होता, वडाप करणारा, म्हणजे जीपमधून प्रवासी वाहणारा. संध्याकाळच्या आत चालक, जीप आणि स्पिरिटचे कॅन आमच्या ताब्यात आले. बैलमालकासमोर बसवल्यावर चालकाने सगळं कबूल केलं.

बाईंचा जबाब नोंदवला आणि त्यांना जायला सांगितलं. त्या उठल्या नाहीत.

"मला आणलं तेव्हा सगळ्या क्लासनं पाहिलं. सोडलं, हे कोण पाहणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांना कळवून मी पूर्ण वर्दीत त्यांच्या जीपमध्ये शेजारी बसलो आणि लातूरला गेलो. क्लासचे मालक लगबगीने चहा सांगायला लागले. चहा नको म्हटलं आणि सरळ वर्गात गेलो. वर्ग खच्चून भरलेला. फळ्याजवळ दुसरे सर उभे होते.

मी म्हणालो, "तुमच्या मॅडमवर आम्ही संशय घेतला होता. त्यांचा काही दोष नाही. खरा आरोपी सापडला, तो त्यांच्या डोक्यामुळे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळी मुलं उभी राहिली, एवढंच. दुसऱ्या सरांनी खडू बाईंच्या हातात दिला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक नेम पाळला. चौकशीला आणलेला माणूस निर्दोष ठरला की त्याला नुसतं "जा" म्हणायचं नाही. दिवसाढवळ्या, वर्दी घालून, त्याच्या दारापर्यंत पोचवायला जायचं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून यायचं.