शब्दांच्या फण्या

आबांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

आबा म्हणजे माझे वडील. रावेरच्या शाळेत इंग्रजी शिकवत. वर्गातली बहुतेक मुलं केळीच्या बागांमधून यायची. लांब शब्दाशी ती अडली की आबा म्हणत, "अख्खा घड कोणी एकदम उचलतं का रे? फण्या पाडा." मग सगळ्यांनी हात हनुवटीखाली धरायचा. बोलताना हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल, तितक्या फण्या. हॉस-पि-टल. आधी एकेक फणी म्हणायची, मग लिहायची, मग घड पुन्हा जोडायचा.

जळगावच्या दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या सवयीच्या शब्दांपासून सुरुवात करा. घरी मी आबांचा डावा हात हनुवटीखाली नेला आणि त्यांच्याच वर्गातले शब्द त्यांच्यासमोर हळूहळू म्हणू लागले. बरेच दिवस नुसता श्वास यायचा. मग एका सकाळी 'ब-ना-ना' आलं. पुढे 'टे-बल', 'विन-डो'.

आई धुळ्याकडची. रुसली की माहेरची बोली तोंडात येते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "इंग्रजी बठ्ठी शे, मनं नाव तेवढं नही!"

इंग्रजी सगळी आहे, तिचं नाव तेवढं नाही, हे ऐकून मला हसू आलं. आबांनी तिला कधीच नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत तशी रीतच नव्हती. "ऐकलं का" एवढ्यावर संसार झाला. आबा मात्र हसले नाहीत. तिच्या पाठीकडे बघत राहिले.

नंतर एका दुपारी आई सुपात गहू निवडत होती. आबांनी आपणहून डावा हात हनुवटीखाली धरला. पहिली फणी आली. मधली निसटली. ते पुन्हा पहिल्यापासून निघाले, पुन्हा अडले, पुन्हा निघाले. शेवटी आईचं नाव पूर्ण झालं.

आईने पदर सावरला. "हळू बोला ना. शेजारच्या ऐकतील." आणि सूप घेऊन त्यांच्याजवळ सरकली.

त्यानंतर ते तिला तसंच बोलवत, फण्या पाडत. पाण्यासाठी, चष्म्यासाठी, कधी उगाचच. ती दर वेळी "आले, आले" म्हणायची.

या हिवाळ्यात आबा गेले.

घरात आता आम्ही दोघी आहोत. मी तिला आई म्हणते, शेजारणी अक्का म्हणतात. नावाने तिला कोणी हाक मारत नाही.