पालथी परात

तेल जळाल्याचा वास आला की सुपेला बाजारातल्या दुकानात भाव करता करता मी थांबतो आणि घरी फोन करतो, "गॅस बंद आहे ना?"

दादाच्या क्वार्टरमधल्या त्या दिवाळीत चकल्यांची कढई पेटली. कारखान्यात भट्टीवर काम करणारा दादा पाण्याची बादली घेऊन धावला. "पाण्यानं अजून भडका उडते!" असं ओरडत मी बादलीला लाथ मारली, गॅस बंद केला आणि पिठाची परात रिकामी करून कढईवर पालथी घातली. परातीखाली आग विझली की नाही, हे उचलून बघायची कितीतरी वेळ हिंमत होईना.

"भाऊजी, सारं पीठ मातीत घातलं," वहिनी म्हणाली.

दादा अजूनही पाहुण्यांना सांगतो, "यानं मले लाथ मारली होती." आग कोणी विझवली, ते कोणी विचारत नाही. वहिनी मात्र दर दिवाळीला चकल्या तळताना कढईशेजारी एक रिकामी परात ठेवते.