वीतभर पुढची रेघ

मामा कॉलेजच्या क्रीडा हॉलचे शिपाई. खऱ्या नावाने त्यांना फक्त पगारपत्रक ओळखायचं. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरींपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. हॉल झाडायचा, जाळ्या बांधायच्या, चेंडूंत हवा भरायची, आणि कुणी बाहेरचे बूट घालून लाकडी जमिनीवर पाय ठेवलाच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, असं सव्वीस वर्षं चाललं होतं. "घरची फरशी इतक्या मायेने पुसली असती, तर मी जन्मात भांडले नसते," असं त्यांची बायको म्हणायची. तिचं काही खोटं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी त्याच कॉलेजात शिकायची आणि बास्केटबॉल खेळायची. अंगाने लहानखुरी, पण पायांना भिंगरी लावल्यासारखी पळायची, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं. बाप हॉलचा शिपाई आहे हे ती अभिमानाने सांगायची. मामांना तेवढ्यानेच आभाळ ठेंगणं व्हायचं.

संघाचे सर फ्री थ्रोच्या बाबतीत पार वेडे होते. "अडवायला कुणी नाही, ढकलायला कुणी नाही. तू, चेंडू आणि रिंग," ते बजावायचे, "हातात आयता आलेला गुण जी घालवते, तिने पळापळीचे वीस गुण केले तरी मला त्यांचं कौतुक नाही." आदल्या वर्षी संघ तीन सामने एकेका गुणाने हरला होता आणि तिन्हींत फ्री थ्रो वाया गेले होते. तेव्हापासून सरांचा नियम झाला: सराव संपला की रेघेवरून लागोपाठ दहा थ्रो घालायचे, मगच घरी जायचं. नववा चुकला तर पुन्हा एकपासून. हे सगळं खिडकीकडच्या रिंगवर चालायचं, कारण दाराकडच्या रिंगवर संध्याकाळचं ऊन सरळ डोळ्यांत यायचं.

भिंगरी दहावर थांबायची नाही, ती शंभर मारायची. मामा रिंगखाली उभे राहून चेंडू परत द्यायचे. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर तेवढंच; चेंडू जायचा, चेंडू यायचा. वर्षअखेरीस तिचे शंभरातले नव्वद आत पडायला लागले होते.

अंतिम सामना दुसऱ्या कॉलेजच्या हॉलमध्ये होता. पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या निमित्ताने मामाही गेले. वेळ संपली तेव्हा संघ एका गुणाने मागे होता आणि भिंगरीला दोन फ्री थ्रो मिळाले होते. "झालं, जिंकलो!" सर मामांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. पहिला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटला. दुसराही तिथेच आपटला. भिंगरी रेघेवरच मटकन खाली बसली आणि मैत्रिणींनी तिला धरून उठवलं.

घरी आल्यावर तिने बूट माळ्यावर टाकले. पंधरा दिवसांनी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती, तिला बोलावणंही आलं होतं. "मी जाणार नाही," ती म्हणाली. "हात तयार आहे बाबा, काळीज नाही. कुणी बघत नसलं की पडतात, वेळ आली की नाही पडत."

आठवड्याभराने मामा बॅडमिंटनच्या पुसट झालेल्या रेघा काढायला बसले. त्यांच्या मोजपट्टीचं टोक वीतभर तुटलेलं होतं. नवी मागून मागून ते थकले होते. मोजलं की पुढे वीतभर जागा धरायची, ही त्यांची सवयच झाली होती. त्या दिवशी वीत धरायला हात पसरला आणि ते एकदम खिडकीकडच्या रेघेकडे बघायला लागले. सुट्टीत जमिनीला पॉलिश झाल्यावर खिडकीकडची फ्री थ्रोची रेघ त्यांनी स्वतः काढली होती. मोजून झालं होतं, आणि तेवढ्यात भिंगरी ओरडत आली होती, "बाबा, मला कॅप्टन केलं!" तिला हसत हसत जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि परत येऊन आनंदाच्या भरात खुणेवरच ब्रश फिरवला. वीत धरायची राहिली होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. रेघ रिंगच्या वीतभर जवळ होती. अख्खं वर्ष संघ चुकीच्या जागेवरून थ्रो मारत होता. दाराकडच्या रिंगवर चेंडू तोकडे पडायचे तेव्हा सर उन्हाला शिव्या घालायचे आणि मामा मान डोलवायचे.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण सरांचा चेहरा, पोरींचे चेहरे डोळ्यांसमोर आले. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आधी चूक निस्तरू, मग सांगू, असं त्यांनी मनाला समजावलं. रविवारी हॉल बंद असताना जुनी रेघ खरवडून काढली, वरून पॉलिशचा हात मारला आणि बरोबर जागी नवी रेघ ओढली. तुटकी मोजपट्टी भंगारात गेली.

मग ते लेकीच्या मागे लागले. "चाचणीला जाऊ नकोस, पण एकदा हॉलवर तरी ये. माझ्यासाठी ये." चार दिवस नाही नाही म्हणत शेवटी ती आली. दाराकडून ऊन आत आलेलं होतं, हॉलमध्ये दोघंच होते. तिने दहा थ्रो मारले. तीन आत पडले, सात पुढच्या कडेला आपटून परत आले.

"बघितलंत? आता तर कुणी बघतही नाही, तरी पडत नाहीत," ती म्हणाली. शब्द मामांच्या ओठांपर्यंत आला होता. तिने चेंडू जाळीत ठेवला, जाळीची दोरी नीट बांधली आणि ती निघून गेली. चाचणीच्या दिवशी ती घरात तांदूळ निवडत बसली होती.

पुढचे दोन महिने मामा रोज सांगायचं ठरवायचे आणि न सांगताच हॉलवर निघून जायचे. शेवटी एका दुपारी ती कपडे घडी करत असताना ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं; मोजपट्टी, रेघ, रविवार, सगळं. "तुझं काळीज पक्कं आहे गं पोरी. माझाच हात चुकला," म्हणताना त्यांना रडू फुटलं.

भिंगरीने हातातला सदरा बाजूला ठेवला. "बाबा, मी मोजली होती रेघ. हरलो तेव्हा मलाही वाटलं होतं, निदान रेघ तरी चुकलेली निघावी. नंतर एकदा सरांची मोजपट्टी घेऊन गेले होते. अगदी बरोबर आहे."

"कधी मोजलीस?"

"तुम्ही हॉलवर बोलावलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अगं, तोवर मी ती..."

"असू द्या बाबा," तिने पदराने पुसावेत तसे ओढणीने त्यांचे डोळे पुसले. "माझ्यासाठी स्वतःवर आळ घ्यायला निघालात. असा बाप मिळायला नशीब लागतं."