हिरव्या साडीसाठी रोह्याला

लोक प्रवासाला निघतात ते समुद्र बघायला, नाहीतर देव बघायला. मी पेणहून रोह्याला निघालो तो एक साडी सोडवून आणायला.

साडी माझ्या बायकोची, सुमनची. हिरवी, जरीच्या काठाची. "मी तुमच्याआधी जाणार, मला हीच नेसवा," असं बजावून तिने ती कपाटात ठेवली होती. सवाष्ण गेली की हिरवी साडी नेसवतात, कपाळभर कुंकू लावतात, ही आमच्याकडची रीत. सुमन बोलल्याप्रमाणे आधी गेली, पण करोनात. गुंडाळून परस्पर नेली. साडीची घडी तशीच राहिली. ती परवा माझ्या सुनेने रोह्याच्या नाटकवाल्यांना देऊन टाकली. नाटकात बायको मरते, तिला हिरवी साडी हवी म्हणे.

"पप्पा, नुसती पडून तर होती," सून म्हणाली.

पडून तर मीपण असतो. मला नाही कुणाला दिलं.

पेण स्टँडवर एसटी मिळाली. वडखळला अलिबागवाले मोटारी वळवून हवा खायला गेले, आम्ही धूळ खायला सरळ. महामार्गाचं काम जोरात चालू आहे. माझे केस काळे होते तेव्हापासून चालू आहे.

"बाबा, रोह्याला काय काम काढलंत?" कंडक्टरने विचारलं.

"एका बाईला मारणार आहेत. त्याच्या आत पोचायचंय."

त्याने तिकीट हातात दिलं आणि नागोठण्यापर्यंत माझ्याकडे परत बघितलं नाही.

नागोठण्याला अंबा नदी साळसूद वाहत होती. पावसाळ्यात हीच लोकांच्या घरात शिरते, हे तिच्या तोंडावरून आता कुणाला खरं वाटणार नाही. स्टँडवर वडा घेतला. गार होता, पण भाव गरम वड्याचाच.

रोह्याचं नाट्यगृह म्हणजे पत्र्याचा हॉल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दिग्दर्शक कंपनीत कामाला असलेला एक पोरगेला माणूस, गळ्यात मफलर. रोह्यात, भर दुपारी, मफलर.

"काका, साडी शेवटच्या अंकानंतर मिळेल," तो म्हणाला. "हा मानसिक थरार आहे. क्लासिक!"

"नवरा बायकोला मारतो. त्यात मानसिक काय?"

"मेल्यावरही ती त्याला घरभर दिसते."

"मग त्यात थरार काय?"

त्याने मफलर सारखा केला. "आता नाय जमत हो काका, हिरोईन नेसून बसलीय. आणि खुन्याची नाईट शिफ्ट हाय, दुपारीच उरकायचंय." वर माझ्या हातावर पोपटी (मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा) ठेवली. राग होता, तरी खाल्ली. वालाशी माझं भांडण नव्हतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी नवऱ्याने बायकोला विष दिलं. ती खाटेवर आडवी, अंगावर सुमनची साडी. चेहऱ्यावर पांढरा रंग फासलेला. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीला पहिला हात देतात, तसा. मेलेली उठून दिसावी म्हणून कपाळही कोरं ठेवलेलं.

माझ्या शेजारी कुंडलिका नदीकाठच्या वाडीतली एक म्हातारी बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"सवाष्ण ना रं ही?"

"व्हय."

"मग कपाळ उघडं? नवरा जिता उभा हाय बाजूला!"

"आजी, नाटक आहे."

"नाटक हाय म्हणून रीत सोडायची? गो पारू, ऊठ!"

पारू उठली. पाठोपाठ अख्खी रांग उठली. म्हातारीने कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि सगळ्या बायका थेट स्टेजवर चढल्या. दिग्दर्शक विंगेतून मफलर हलवत राहिला.

"पयलं नवऱ्याने लावायचं. लाव," म्हातारीने खुन्यापुढे डबी धरली.

"आजी, मी... मी मारलंय हिला."

"मारलंस तर मारलंस. कुंकू लाव."

खुन्याने विंगेत बघितलं. तिथे प्रॉम्प्टर नुसताच पानं उलटत होता. खुनी मागे सरकत सरकत टेबलाआड गेला.

एवढ्या बायका, एवढं कुंकू, आणि खाली सुमनची जर! मी धडपडत स्टेजवर चढलो. "साडी सांभाळा! माझ्या बायकोची आहे!"

"बायको कुठं हाय?" म्हातारीने विचारलं.

"गेली. करोनात."

"कुंकू?"

"नाय लावलं. तोंडच नाय दिसलं."

म्हातारी माझ्याकडे वळली. डबी माझ्यापुढे धरली.

मी लावलं. थोडं साडीवर सांडलं. जे टाळायला एवढा चढून आलो, ते माझ्याच हातून झालं. मढं श्वास रोखून पडलं होतं, पण डोळ्याच्या कडेने पाणी आलं आणि पांढऱ्या रंगात ओघळ उमटला. अभिनय कच्चा. मेलेली माणसं रडत नाहीत. मग एकेका बाईने कुंकू लावलं, नमस्कार केला, आणि सगळ्या गुपचूप खुर्च्यांवर येऊन बसल्या.

शेवटच्या अंकात कळलं की ती मेलीच नव्हती. नवऱ्याच्या तोंडून गुन्हा वदवायला सोंग केलं होतं. कपाळभर कुंकू घेऊन ती खाटेवर उठून बसली आणि त्याला असं फैलावर घेतलं की बायकांनी शिट्ट्या मारल्या. पारूने तर दोन बोटं घालून. खुनी जो घाबरला, तो अभिनय नसावा.

नाटक संपल्यावर हिरोईन साडीची घडी घेऊन आली. "काका, डाग पडलाय. ड्रायक्लीन करून देऊ?"

"पुन्हा करणार हे नाटक?"

"रविवारी आहे ना."

"मग ठेव. कपाळ कोरं ठेवू नको तेवढं."

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. पेणला दारातच सुनेने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"साडी नाही दिली त्यांनी?"

"दिली. मीच नाही आणली."

"एवढं भांडून गेलात आणि?"

आणि काय? इथे कपाटात ती घडी घालून पडलेली. तिकडे शेवटच्या अंकात उठून बसते आणि नवऱ्याला चारचौघांत झापते. ती इथे आणून मी काय करू?