चार इंचांच्या पायऱ्या

गवंडीकामात चाळीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हाही तसाच होता. कुठेही नेऊन उभा करा, समोरच्याचा वाकडेपणा दाखवणार आणि वर स्वतः शांत राहणार. हाताखालचे मजूर त्याला घाबरत नसत, वैतागत. कुणी रिकामी पाटी घेऊन रमतगमत चालला की तो विचारी, "पाटी दमली का?" दुसऱ्याने कष्ट चुकवलेले त्याला स्वतःचा खिसा कापल्यासारखे लागत.

गुडघे गेले आणि काम सुटलं. मग घरात वाकडं शोधायला दोनच माणसं उरली, सून आणि सात वर्षांची नात. मुलगा मालाच्या गाडीवर असे, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. सुनेने सासऱ्याचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायची कला केव्हाच साधली होती. नातीला तेवढंही ऐकायला वेळ नसे. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी.

भिंगरी सायकलवरून पडली आणि तिचं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. मेंदूला मार लागला. एकोणीस दिवस तिने डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओळंबा दवाखान्यातून उठला, टेप घेऊन त्या रस्त्यावर गेला आणि कडेचा दगड मोजून आला. तो शेजारच्या दगडापेक्षा दोन बोटं वर होता. सून म्हणाली, "बरं, मग?" त्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. मोजल्याशिवाय त्याला बसवत नव्हतं, एवढंच.

डॉक्टर सांगत, बरी होईल, पण किती आणि कधी ते सांगता येणार नाही. ओळंब्याने आयुष्यात असं बोलणारे पुष्कळ पाहिले होते आणि त्यातल्या एकाचंही काम वेळेत झालं नव्हतं. पण इथे तोंड उघडायची सोय नव्हती.

विसाव्या दिवशी डोळे उघडले. मग बोट धरलं. मग घोट गिळला. आधी सगळं घर ज्या गोष्टींकडे ढुंकून पाहत नव्हतं, त्यांसाठी आता नातेवाईक फोन करकरून अभिनंदन करू लागले. पोरीने जांभई दिली तरी बातमी. पहिला शब्द 'आई' येईल म्हणून सून तासन्‌तास उशाशी बसे. एका दुपारी नर्स चमच्याने पातळ जेवण भरवत होती, तेव्हा भिंगरी स्पष्ट म्हणाली, "नको."

सून रडली. ओळंबा मात्र खूश झाला. म्हणाला, "नको म्हणायला डोकं लागतं. हो काय, कुणीही म्हणतं."

तीन महिन्यांनी ती घरी आली. बोलणं सावकाश, डावा हात अंगाला चिकटलेला, डावा पाय फरफटत. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी एक तक्ता दिला. बसणं, उभं राहणं, चालणं, जिना. जे जमेल त्यापुढे खूण करायची. तक्त्याशी एक मोठी गोष्ट बांधलेली होती. भिंगरीचा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर होता. शाळा उघडेपर्यंत जिना जमला तर ती आपल्या वर्गात, आपल्या मैत्रिणींत जाणार. नाही जमला तर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वेगळ्या शाळेत. मुख्याध्यापिकाबाई हे फार गोड आवाजात बोलल्या होत्या, त्यामुळे ते बदलणार नाही हे सगळ्यांना कळलं.

ओळंब्याला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. घराच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, एकूण वीस इंच. भिंगरी पहिलीशीच अडे. त्याने दुसऱ्या दिवशी हातोडा काढला. गुडघ्याखाली पोतं घेऊन चार दिवसांत तीनच्या पाच पायऱ्या केल्या, चार-चार इंचांच्या. कडा गोल केल्या. बाजूला पोरीच्या हाताच्या उंचीवर लोखंडी पाइप बसवला. सात दिवस पाणी मारलं, तोवर कुणाला पाय ठेवू दिला नाही. सून मागच्या दाराने ये-जा करत कुरकुरली. पण काम असं झालं की रस्त्याने जाणारे थांबून बघत.

आठव्या दिवशी भिंगरी पाइप धरून पाचही पायऱ्या चढली. पंधरवड्यात पाइप न धरता चढू लागली. सुनेने तक्त्यावर जिन्यापुढे खूण केली. ओळंब्याने ती दोनदा पाहिली.

मग व्यायामाच्या बाईंनी तिला दवाखान्याच्या जिन्यावर बोलावलं. भिंगरीने मोठ्या ऐटीत पाय उचलला आणि बूट पायरीच्या मधोमध आदळला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच. पाय बरोबर चार इंच वर जाई, त्यावर एक सूतही नाही. ती पायाकडे पाहू लागली, जसं कुणी दुसऱ्याच्या पोराकडे पाहावं.

बाईंनी विचारलं, घरी कशी चढते? ओळंब्याने अभिमानाने सगळं काम सांगितलं, मापांसकट.

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, मग कष्ट पायरीने केले. हिने कुठे केले?"

चाळीस वर्षांत हे वाक्य त्याने हजार जणांना वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं होतं. त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. घरी येताना सून म्हणाली, जाऊ द्या बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने विषयच बदलला.

शाळेला सहा आठवडे होते. त्याने कुंपणाच्या भिंतीला लागून दोन सुट्या पायऱ्या रचल्या, विटांवर फरशीचे तुकडे, मध्ये सिमेंटचा माल नाही. सुटं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. दगड मांडताना त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. सुरुवात चार इंचांनी. दर चार दिवसांनी खालच्या पायरीवर अर्ध्या इंचाची एक फरशी आणि वरच्या पायरीवर दोन चढवायच्या. तिला सांगायचं काही नाही. रोज चाळीस वेळा चढायचं. वर पोचली की तो तिला काखेत धरून खाली ठेवी, म्हणजे वेळ वाया जाऊ नये.

दहाव्या दिवशी भिंगरी म्हणाली, "आजोबा, पायरी वाढतेय."

"पायऱ्या वाढत नसतात."

तिने विचार केला. तिला विचार करायला वेळ लागे, आणि ती तो घेई. "मग मी लहान होतेय."

त्याने फरशीवर बोट आपटलं. "चढ," म्हणाला.

साडेपाच इंचांवर गाडी अडली. पोरगी घामाघूम होई, रडे, त्याला 'वाईट आजोबा' म्हणे. पण एका सकाळी ती चाळीसही वेळा न अडखळता चढली. ओळंब्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला संशय आला. टेप काढली. पायरी पाच इंच. त्याने फरश्या मोजल्या. खालची एक कमी, वरच्या दोन कमी. त्या पाण्याच्या पिंपामागे निघाल्या, वर पोतं टाकलेलं.

"फरश्या कुणी काढल्या?"

भिंगरी नजर न हलवता म्हणाली, "मांजरीने."

त्याचा पारा चढला. कामचोर, तीही आपल्याच घरात. सुनेने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. ती हसते की रडते ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने बाईंकडे रीतसर तक्रार केली. पोरगी खोटं बोलते, कष्ट चुकवते, माल लपवते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पायरी आधी केवढी होती ते तिच्या लक्षात राहिलं, त्यांनी बोटावर मोजलं. तुम्ही नसताना करायचं हे तिने ठरवलं. लपवायची जागा शोधली. वर झाकलंही. मग त्यांनी विचारलं, फरशी केवढी होती? त्याने हाताने दाखवली. "ही एका हाताने उचलेल?"

ओळंब्याने हाताने दाखवलेल्या मापाकडे पुन्हा पाहिलं. नसती उचलली. डाव्या हाताशिवाय शक्य नव्हतं. तोच हात, जो महिनाभर मऊ चेंडूसुद्धा धरायला तयार नव्हता.

"हे तुमच्या तक्त्यात कुठे लिहायचं?" त्याने विचारलं.

"तक्त्यात याला जागा नाही," बाई म्हणाल्या, "पण या महिन्यातलं सगळ्यात मोठं काम हेच."

अशा रीतीने ओळंब्याच्या घरात कामचुकारपणाचं पहिल्यांदा कौतुक झालं. त्याने घरी येऊन फरश्या परत चढवल्या. पिंपही भिंतीला टेकवून ठेवला, मागे बोट जाणार नाही असा. कौतुक कौतुकाच्या जागी.

शाळा उघडायच्या चार दिवस आधी शाळेच्याच जिन्यावर परीक्षा ठरली. वीस पायऱ्या, साडेसहा इंचांच्या. ओळंबा आधीच्या दिवशी मोजून आला होता. मुख्याध्यापिका वर उभ्या, बाई भिंगरीच्या मागे, सून आणि ओळंबा खाली.

ती चढली. अकराव्या पायरीवर थांबली, कठडा धरून उभी राहिली. सून पुढे सरकली, तर ओळंब्याने तिचा हात धरला. पुन्हा पाय उचलला गेला, पूर्ण उंच, डावासुद्धा. विसावी पायरी आली. वर पोचल्यावर भिंगरीने मागे वळून आजोबांकडे पाहिलं आणि हात पसरले.

खाली ठेवा म्हणून.

तेव्हा ओळंब्याच्या लक्षात आलं. दोन महिने जिना म्हणजे त्याला फक्त चढणं दिसलं होतं. उतरायचं काम रोज चाळीस वेळा त्यानेच केलं होतं.

बाईंनी एक नजर त्याच्याकडे टाकली. बोलल्या काहीच नाहीत, तेवढी कृपा. मुख्याध्यापिकांनी गोड आवाजात विचारलं, शाळा सुटल्यावर ही खाली कशी येणार?

भिंगरीने वेळ घेतला. खालच्या वीस पायऱ्या पाहिल्या. मग ती वरच्या पायरीवर बसली आणि ढुंगणावर सरकत निघाली. एक पायरी, थांबणं, दुसरी. कुणी हात दिला नाही. खाली यायला पाच मिनिटं लागली. फ्रॉक मागून मळून काळा झाला.

"अशी," ती म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, वर गेली, खाली आली, कुणाच्या हाताशिवाय. ओळंब्याच्या जिभेवर आलं होतं की याला उतरणं म्हणत नाहीत, हे काम मी पास करणार नाही. सुनेने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पाच पायऱ्यांपासून पिंपापर्यंत सगळं होतं. त्याने तोंड मिटलं. वाकडं दिसत असताना तो गप्प बसल्याची दुसरी नोंद सापडत नाही.

बाईंनी तक्त्यावर सही केली. मुख्याध्यापिकांची अट एकच, सहामाहीपर्यंत पायांनी उतरता आलं पाहिजे.

सुनेने गणवेशाच्या फ्रॉकला मागच्या बाजूने दुहेरी कापड लावलं. टाके बारीक घातले. ओळंब्याने ते उलटून पाहिलं, ओढून पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही खोट काढता आली नाही. मग तो अंगणात गेला. भिंगरी दुसऱ्या पायरीवर उभी राहून हात पसरून वाट पाहत होती. त्याने आपले हात पाठीमागे बांधले.

"उतर," तो म्हणाला.

"नको," भिंगरी म्हणाली, आणि दोघेही बराच वेळ तसेच उभे राहिले.